दोन हिरवी जाकिटं

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

भोजराज सरांनी आज दोन वह्या दिल्या. एक चांगली, तळ्यावर रोज दिसलेले पक्षी लिहायला. दुसरी कच्ची. चांगली कॅम्पवर राहील, कच्ची घरी आणली. हिच्यात पक्षी लिहिणार नाही. हिच्यात माझं पोट दुखतं ते लिहीन, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

एक ऑक्टोबरला नागझिरा अभयारण्य उघडतं. पाहुणे जंगल बघून आमच्या गावच्या तळ्यावर पक्षी बघायला येतात, तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सरांचा तंबूंचा कॅम्प आहे. मी तिथं तीन वर्षांपासून गाईड आहे. यंदा सर म्हणाले की सकाळच्या फेरीला एकच मुख्य गाईड राहील. याच महिन्याच्या सत्तावीस तारखेला नागपूरचे दोन पाहुणे येणार, त्यांच्यासमोर परीक्षा. परीक्षेला दोघी, मी आणि चेतना.

चेतना म्हणजे माझ्या सासूबाईंच्या बहिणीची नात. प्रतापगडाकडची पोरगी, तेवीस वर्षांची, प्राणिशास्त्र शिकलेली. जूनपासून आमच्याच घरी राहते, मला मामी म्हणते. मी तिला पहिल्या दिवशी तळं दाखवलं, अडई बदकं कुठं बसतात, काळे वारकरी पक्षी कुठं पोहतात, सारसाची जोडी धानाच्या कुठल्या बांधीत चरते, सगळं दाखवलं. आता तीच मला त्या पक्ष्यांची लांबलचक लॅटिन नावं सांगते. हे तळं माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांनी गाव जमवून बांधलं. त्यांना लॅटिन येत नव्हतं.

सरांनी दोघींना जाकिटं दिली. हिरवी, वॉटरप्रूफ, टोपीवाली, एकाच मापाची. आधी तिच्या हातात दिलं, मग माझ्या. ती पुढं उभी होती म्हणून असेल. पण ती पुढं का उभी होती?

५ सप्टेंबर, शुक्रवार

टिंकू मांजराला मी नालीतून उचललं, तेव्हा ते मुठीएवढं होतं. बोटानं दूध पाजलं. आता संध्याकाळी मी हाक मारते, तर तो एक कान हलवतो आणि चेतनाच्या मांडीवर पडून राहतो.

सासूबाईंचंही तेच. दोघी छपरीत बसून तांदूळ निवडतात आणि हळू आवाजात बोलत राहतात. मी गेले की गप्प. माझ्याबद्दल बोलतात हे सांगायला ज्योतिषी नको.

चेतनानं आपल्या जाकिटाच्या अडकवायच्या बंदाला पिवळा धागा शिवला. म्हणे, "दोन्ही सारखेच आहेत मामी, अदलाबदल नको व्हायले." जशी काही मी तिचं पळवणार होते.

८ सप्टेंबर, सोमवार

आज असा राग आला आहे की अक्षर नीट येत नाही.

टिंकूनं दुपारी तिच्याकडे जाऊ नये म्हणून मी त्याला माझ्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. दूध ठेवलं होतं, मोठी वाटी भरून. तळ्यावर गेले. यायला चार तास लागले. सासूबाई म्हणाल्या, तो फार ओरडत होता. कडी उघडली तर खुंटीवरचं जाकीट खाली पडलेलं आणि त्याच्यावर टिंकूनं कारभार करून ठेवलेला. आतल्या अस्तरावर, कॉलरवर, खिशात. ज्यांच्याकडे बोका आहे त्यांना तो वास सांगायला नको, ज्यांच्याकडे नाही त्यांना सांगून कळणार नाही.

तीन वर्षांत असं एकदाही केलं नाही त्यानं. चेतनानं लाडावून ठेवलं, त्याचा हा परिणाम.

९ सप्टेंबर, मंगळवार

उकळतं पाणी, कपड्याची पावडर आणि घासणी घेऊन अंगणात बसले. चेतना दात घासत आली.

"मामी, गरम पानी नको टाकू. त्यानं वास पक्का बसते. आनि ब्रश घासशीन तं वॉटरप्रूफचा थर निघन."

"मंग काय करू, पूजा करू त्याची?"

"थंड पान्यात धू. थोडा सिरका टाक, व्हिनेगर. वासाचं एक वेगळं लिक्विड येते, एन्झाइमवालं, मी मागवतो ना."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आयक तिचं, शिकलेली पोट्टी आहे."

मग तर मी उकळतं पाणी दोनदा टाकलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

जाकीट वाळलं तेव्हा वास नव्हता. मी मनात म्हटलं, बघ बाई, तुझ्या पदवीशिवाय गेला की नाही. सकाळी दव पडलं, जाकीट थोडं सर्द झालं आणि टिंकू जसा आत्ताच करून गेला. फिनाइल लावलं. आता दोन वास येतात. टिंकू कडेकडेनं आला, त्यानं हुंगलं आणि पुन्हा तिथंच बसायला लागला. वेळेवर हाकलला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वर कागद ठेवून कडक इस्त्री फिरवली, की वास जळून जाईल. आतला पांढरा थर पापडासारखा फुगला. वास जळला नाही.

चेतनानं पाहिलं आणि काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर मी भांडले असते. तिचं हे न बोलणं मला अजिबात सहन होत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

जागेश्वर आले. माझा नवरा गोंदियाच्या राईस मिलमध्ये आहे, रविवारीच घरी येतो. त्यांना जाकिटाची कहाणी सांगितली, मला वाटलं हळहळतील. ते पोट धरून हसले. चेतनाही हसली. दोघं मामा-भाची जेवताना हसतच होते.

"अरे यार, मांजरीचंच आहे, वाघाचं तं नाही ना," म्हणाले. "चेतना म्हनते तसं करून पाय. तू काऊन जिद करून राहिली?"

सहा दिवस नवरा घरात नसतो. सातव्या दिवशी येतो आणि तिच्या बाजूनं बोलतो. मी ताट उचललं आणि आत जाऊन जेवले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तळ्यावर जोराचा पाऊस आला. माझ्या खांद्यांतून पाणी आत शिरलं, पाठ भिजली. आणि वास! सर बोलता बोलता दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "पुष्पांजलीबाई, मुख्य गाईड पाहुण्यांच्या अगदी जवळ उभी असते, लक्षात घ्या." दुसरं काही म्हणाले नाहीत. चेतना बाजूला उभी होती, कोरडी ठणठणीत.

तीन वर्षं मी थंडीत, चिखलात त्यांच्या पाहुण्यांना फिरवलं. एका मांजराच्या मुतानं ती धुऊन जातील काय? मुख्य गाईड नाही झाले तर मला चेतनाच्या मागून चालावं लागेल, माझ्याच तळ्याच्या पाळीवर. पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन.

१७ सप्टेंबर, बुधवार

भिजल्यानं सर्दी झाली. नाक बंद. चेतनानं आलं-तुळशीचा काढा आणून ठेवला. मी तो झाडाला टाकला.

तिचं कुरिअर आलं. एक बाटली. तोंडाला लावायचं काही असेल, पाहुण्यांपुढं नटायला. माझ्या दारापाशी ठेवून गेली होती, मी पायानं तिच्या खाटेखाली सरकवली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बकाराम भेटला. जंगलाच्या कडेला राहतो, मोहाची दारू काढतो, साऱ्या गावाला माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही. मी सहज जाकिटाचं बोलले.

"आवो बाई," म्हणे, "फिनाइल कायले लावलं? पहिल्या धारेची लावा. काडी दाखवली तं पेटते अशी. डाक्टर सुई टोचाच्या आंधी काय लावते? हेच तं."

मला पटलं. चेतनाच्या लिक्विडपेक्षा आपल्या मोहाचं पाणी बरं. त्यानं एक शिशी दिली. दुपारी घरी कोणी नव्हतं तेव्हा अस्तराला, कॉलरला, खिशांना सगळी शिशी जिरवली. कोणी पाहू नये म्हणून ओलंच घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पेटीत ठेवलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पिशवी उघडून हुंगलं. काहीच वास नाही! नाक अजून बंद आहे, पण अजिबातच काही नाही म्हणजे गेलाच असणार. पिशवी परत बांधली. पाणी मात्र आत येणारच, तो थर मी स्वतःच जाळला. सत्तावीसला पाऊस सांगितला आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहू की नको, असं झालं आहे. पण ही वही त्याचसाठी आहे.

चेतना संध्याकाळी सासूबाईंसोबत देवीच्या आरतीला गेली. मी तिच्या जाकिटाचा पिवळा धागा कापला. माझ्या डब्यात तसाच पिवळा धागा होता, तो माझ्या जाकिटाच्या बंदाला शिवला. माझं पेटीतून काढून तिच्या खुंटीवर, तिचं माझ्या. हे सगळं पाच मिनिटांत झालं.

ती थोडी भिजेल, फार तर मांजराचा थोडा वास येईल, इतकंच. तिला तेवीस वर्षांत काय कमी मिळालं आहे? तिला गोंदियातही नोकरी मिळेल, नागपुरातही मिळेल. मला तळं सोडून काय येतं?

घाईत शिवला, म्हणून टाका वाकडा आला.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी साडेपाचला निघालो. चेतनानं खुंटीवरून जाकीट काढलं, बंद बोटात धरून पाहिला. बाहीत हात घातला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मामी, टोपी वर घे, तुले सर्दी आहे," आणि घालून चालायला लागली. तिला काही कळलं नाही, नशीब.

पाळीवर पोचलो आणि सात वाजता पाऊस धो धो आला. पाहुणे नवरा-बायको, दोघांच्या गळ्यात दुर्बिणी. चेतना त्यांना कमळपक्षी दाखवत होती. पाणी तिच्या खांद्यातून आत गेलेलं दिसत होतं, दात वाजत होते, डोळे लाल झाले होते. पाळीवरच्या गाळात तिचा पाय घसरला, ती बाईंच्या अंगावर गेली. बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि सरांना जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ये लडकी पी के आई है क्या? महुए की बास आ रही है."

मला वास येत नव्हता, पण बाकी सगळ्यांना येत होता.

सरांनी जवळ जाऊन हुंगलं. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. "चेतना, सकाळी सकाळी?"

"नाही सर."

"मग हा वास कशाचा?"

चेतनानं जाकिटाची कॉलर नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं. तिला सांगता आलं असतं. मी लगेच पाण्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना म्हटलं, ते बघा, हळदीकुंकू बदक. ते दोघं तिकडे बघायला लागले. मी बोलतच राहिले. मागून सरांचा आवाज आला, "तू घरी जा. परत येऊ नकोस."

फेरी फार छान झाली. जाताना सारसाची जोडी दिसली. बाईंनी माझा हात हातात घेतला. सरांनी तिथंच सांगितलं, मुख्य गाईड पुष्पांजलीबाई.

जे पाहिजे होतं ते मिळालं. दुपारचं ताट टिंकूपुढं सरकवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

गावात पसरलं. बोअरिंगवर बाया बोलत होत्या, मी गेल्यावर मला म्हणाल्या, "तुमच्या घरची पोट्टी पिते मने?" मी बादली भरली आणि आले. नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता.

सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत. जागेश्वरांनी चेतनाला काही विचारलं नाही, तेच वाईट. चेतनाच्या घरी फोन गेला. तिच्या लग्नाची बोलणी कुठंतरी चालू होती म्हणे, ते लोक काल रात्रीच फोन करून "बघू" म्हणाले. हे मला माहीतच नव्हतं. छपरीत हळू आवाजात हेच चालत असेल काय?

सासूबाईंनी मला विचारलं, "तुले काही मालूम आहे काय वो?"

मी म्हटलं, "मले काय मालूम?"

चेतना दिवसभर मागच्या न्हाणीत काहीतरी धूत होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

तिचे वडील इंद्रकुमार मोटारसायकल घेऊन आले. चहासुद्धा घेतला नाही. लेकीकडे बघेनात. ती पिशवी भरत होती. मग माझ्या खोलीत आली आणि हिरवं जाकीट माझ्या खाटेवर ठेवलं.

"मामी, हे तुयं. धुतलं. थंड पानी, सिरका, मंग ते लिक्विड, उलटं करून सावलीत वाळवलं. वास गेला. पानी मात्र थांबन नाही, आतला थर गेला." मग म्हणाली, "लिक्विड तुयासाठीच मागवलं होतं. तुया दारापाशी ठेवलं होतं ना."

"तुले मालूम होतं? सकाळीच?"

"टाका वाकडा होता. आनि अस्तर फुगलेलं."

"मंग घातलं काऊन?"

"मले वाटलं, मांजरीचा वास येईन थोडा. तुले सर्दी, मांगच्या वर्षी छातीत कफ झाला होता, आजीनं सांगतलं. भिजन मी, असं वाटलं. दारूचं काय मालूम मले, तो वास तं भिजल्यावर सुटला."

"सरले सांगतलं काऊन नाही?"

तिनं पहिल्यांदा आवाज चढवला. "सांगतलं असतं तं घर फुटलं असतं. मंग आजी कोनाच्या घरी राहिली असती, मामी?"

आणि गेली. टिंकू गाडीमागं फाटकापर्यंत गेला.

जाकीट हुंगलं. नाक आता मोकळं आहे. मांजर नाही, मोह नाही, फिनाइल नाही. इतकं स्वच्छ केलं तिनं. तिच्यावर जळायला आता काहीच उरायला नको होतं, तरी मी जळत होते. आता तर ती माझ्यापेक्षा चांगलीही निघाली.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सरांकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जाकीट बदललं, मोहाची मी लावली, चेतनानं थेंब घेतला नाही.

सरांनी चष्मा काढला. "पुष्पांजलीबाई, तुमचं मन मोठं आहे. भाचीसाठी स्वतःवर घेता. पण असं खोटं बोलू नका."

"खोटं नाही सर. हे घ्या, हेच जाकीट."

त्यांनी हुंगलं. परत हुंगलं. "याला तर साबणाचासुद्धा वास नाही."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. माझी पाठ थोपटली. म्हणाले, अशीच माणसं मुख्य गाईड पाहिजेत. मला त्या कौतुकाचं काय करावं कळेना. गेले महिनाभर त्याच्यासाठी मी काय काय केलं, आणि आज तेच नकोसं झालं. चहा तसाच ठेवून निघाले.

बकारामकडे गेले. सरांपुढं चल म्हटलं, तर तो दोन्ही कानांना हात लावायला लागला. "आवो बाई, मले जेलात टाकता काय?" पण शिशी दिली. मी ती ओच्यात लपवली नाही, हातात धरून गावातून चालत गेले. बाया बघत होत्या.

सर पाळीवर तंबू बांधून घेत होते. मी त्यांच्यासमोर जाकीट उलटं केलं, सगळी शिशी अस्तरावर ओतली, तळ्यात बुडवून काढलं आणि त्यांच्या तोंडापुढं धरलं.

"हाच ना वास?"

त्यांनी नाक मागं घेतलं.

मी फुगलेलं अस्तर दाखवलं. इस्त्रीची त्रिकोणी खूण दाखवली. "हे माझ्या घरच्या इस्त्रीनं झालं. चेतनाचं जाकीट हे माझ्या अंगावर आहे, बघा, बंदावरचा तिचा पिवळा टाका कापलेला आहे. तुम्ही तिला पाहुण्यांसमोर घालवलं तेव्हा मी बदक दाखवत होते."

सर खुर्चीवर बसले. म्हणाले, "का केलंत?"

"तुम्ही जाकीट आधी तिला दिलं."

हे ऐकायला किती बालिश वाटतं, ते बोलल्यावर कळलं. पण खरं तेच होतं.

"पाहुण्यांना मी फोन करतो," ते म्हणाले. "तिच्या वडिलांनाही करतो. उद्यापासून फेरी चेतना घेईल, ती आली तर. तुम्ही या सीझनला येऊ नका. आणि गावात तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून नको."

संध्याकाळी अष्टमीची आरती झाली, बाया प्रसाद घेत होत्या. मी मांडवातच उभी राहिले आणि सांगितलं. आवाज फाटला, तरी शेवटपर्यंत सांगितलं. सासूबाई सर्वांत मागं बसल्या होत्या. त्या उठल्या आणि माझ्याकडे न बघता घरी गेल्या. मी मागून गेले, बरंच अंतर ठेवून.

चूल पेटवत होते तेव्हा फोन वाजला.

"मामी, सरचा फोन आलता. बाबा उद्या पहाटे आनून सोडतो म्हनते." मग: "मी राहू कोठी? तुया घरी राहू काय?"

तिनं हे विचारावं, अशी वेळ मी आणली होती. मी म्हटलं, "तं अजून कोठी राहशीन?"

फोन ठेवला. सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "येते काय?" मी हो म्हटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते चेतनासाठी होतं. मला पुन्हा पोटात दुखलं. मग मी त्यांचं ताट वाढलं आणि त्या जेवायला बसल्या.